जुन्या संगणकावर डेबियन आणि हौशी रेडिओ: क्लब केंद्राच्या प्रकल्प नोंदी

१८ ऑक्टोबर २०२५, शनिवार

विंडोज १० चा नियमित आधार या महिन्याच्या १४ तारखेला संपला. आमच्या क्लबच्या पुण्यातील केंद्रावर जो संगणक आहे त्यात टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नसल्यामुळे तो विंडोज ११ च्या अटींत बसत नाही. पण त्याचा दोन गाभ्यांचा ६४-बिट प्रोसेसर, चार जीबी रॅम आणि एसएसडी हे सारे धडधाकट असून रेडिओच्या कामाला पुरून उरणारे आहे. हे यंत्र भंगारात काढण्याऐवजी त्यावर डेबियन १३ ही लिनक्स कार्यप्रणाली बसवावी आणि केंद्राचे रोजचे काम त्यावरूनच चालवावे, असे आजच्या बैठकीत ठरले.

कामाची मर्यादाही ठरवून घेतली. एफटी-८ आणि पीएसके-३१ हे डिजिटल प्रकार (संगणकाने स्वरांत बदललेले संदेश रेडिओवरून पाठवणे), संगणकावरून रिगचे म्हणजे रेडिओ संचाचे नियंत्रण आणि संपर्कांची नोंदवही एवढेच या प्रकल्पात येईल. केवळ विंडोजसाठी लिहिलेले स्पर्धा-प्रोग्रॅम वाइनमधून (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारे साधन) चालवण्याचा विचार बाजूला ठेवला आहे. वाइनमधून सिरियल पोर्ट चालवता येतात, परंतु त्यामुळे बिघाड शोधण्याच्या वाटेवर आणखी एक थर वाढतो, आणि ज्या केंद्रावर अनेक जण आळीपाळीने बसतात तिथे थर कमी असणे मला जास्त महत्त्वाचे वाटते.

कामाची पद्धत अशी राहील: डब्ल्यूएसजेटी-एक्स हा एफटी-८ चा मुख्य प्रोग्रॅम सर्वांत शेवटी उघडायचा. त्याआधी सिरियल पोर्ट, रिगचे नियंत्रण, ध्वनी आणि घड्याळ हे चार थर एकेका लहान साधनाने स्वतंत्रपणे तपासायचे आणि प्रत्येक थर यंत्र बंद करून पुन्हा सुरू केल्यावरही जसाच्या तसा राहतो याची खात्री झाल्याशिवाय पुढच्या थराला हात लावायचा नाही. लिनक्सवर रेडिओ चालत नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांचे यंत्र पाहिले की बहुतेक वेळा चारही थर एकाच खिडकीतून एकाच वेळी जुळवण्याचा प्रयत्न चाललेला दिसतो, आणि मग चूक नेमकी कोणत्या थरात आहे हे कोणालाच सांगता येत नाही.

१९ ऑक्टोबर २०२५, रविवार

डेबियन १३ बसवले. ६.१२ मालिकेचा कर्नल (कार्यप्रणालीचा गाभा), एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप, ध्वनीसाठी पाइपवायर. डेबियनमध्ये हौशी रेडिओच्या प्रोग्रॅमांचे विषयवार गट तयार असतात, म्हणजे डिजिटल प्रकार, उपग्रह, नोंदवही, रिग नियंत्रण असा एकेक गट एका आज्ञेत बसवता येतो. नवीन माणसाला काय काय उपलब्ध आहे हे पाहण्यासाठी ही सोय उत्तम आहे, परंतु केंद्राच्या यंत्रावर मी मोजकेच प्रोग्रॅम नावानिशी बसवले: डब्ल्यूएसजेटी-एक्स, पीएसके-३१ साठी एफएलडिजी, रिग नियंत्रणासाठी हॅमलिबची साधने, सीक्यूआरलॉग ही नोंदवही, नोंदींवर डिजिटल स्वाक्षरी करणारे टीक्यूएसएल, वेळ जुळवणारे क्रोनी आणि आवाजाच्या पातळ्या दाखवणारे पाव्हूकंट्रोल. हे सारे डेबियनच्या स्वतःच्या भांडारातून आले. बाहेरून काहीही उतरवून घ्यावे लागले नाही. बसवलेल्यांची यादी एका साध्या मजकूर-फाइलमध्ये ठेवली आहे.

मोबाइल मोडेम सांभाळणारी सेवा काढून टाकली. या यंत्राला मोडेम जोडायचा नाही आणि अशी सेवा नव्या सिरियल पोर्टवर मोडेम आहे का हे चाचपून पाहू शकते. ज्या पोर्टच्या दुसऱ्या टोकाला रिग असते तिथे अशी चाचपणी नको.

२१ ऑक्टोबर २०२५, मंगळवार

लक्ष्मीपूजन. आजूबाजूच्या सर्व गच्च्यांवर एलईडीच्या माळा लागल्या आहेत आणि त्यांच्या स्वस्त अडॅप्टरांमुळे सात मेगाहर्ट्झवरचा गोंगाट इतका वाढला आहे की ग्रहणाच्या कोणत्याही चाचणीला अर्थ नाही. माळा उतरेपर्यंत अँटेना काढून ठेवून फक्त तारांचे आणि संगणकाचे काम करायचे.

२५ ऑक्टोबर २०२५, शनिवार

पहिला थर, सिरियल पोर्ट.

केंद्राची रिग आयकॉम आयसी-७३०० आहे. तिच्या एकाच यूएसबी केबलमधून संगणकाला दोन उपकरणे दिसतात: सीपी-२१०२ या चिपचा सिरियल पोर्ट आणि टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा ध्वनी-कोडेक, म्हणजे आवाज आत-बाहेर नेणारे ध्वनी-कार्ड. दोन्हींचे ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये आधीपासून आहेत, त्यामुळे केबल जोडताच कर्नलच्या नोंदींत दोन्ही उपकरणे ओळखल्याच्या ओळी उमटल्या.

पोर्ट दिसणे आणि तो उघडता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. डेबियनमध्ये सिरियल पोर्टची मालकी डायलआउट या गटाकडे असते, म्हणून केंद्राच्या सामाईक खात्याला त्या गटात घातले, खात्यातून बाहेर पडून पुन्हा आत आलो आणि मगच पोर्ट उघडला. अनेक जण या पायरीवर अडतात तेव्हा प्रोग्रॅमच प्रशासकाच्या अधिकाराने चालवू लागतात. त्याने पोर्ट लगेच उघडतो हे खरे, पण प्रोग्रॅमच्या फाइली प्रशासकाच्या घरात जाऊन बसतात, ध्वनीची सेवा दुसऱ्याच खात्याची असल्यामुळे आवाज मिळत नाही आणि पुढच्या वेळी साध्या खात्यातून आलेल्या माणसाला आधीची मांडणी सापडतच नाही. गटात घालण्याचा मार्ग एकदाच करायचा आणि कायमचा आहे.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न नावाचा आहे. जोडलेल्या क्रमानुसार कर्नल पोर्टना शून्य, एक, दोन असे क्रमांक देतो. आज रिग शून्यावर आहे. उद्या कोणी आधी दुसरी केबल लावली तर रिग एकवर जाईल आणि प्रोग्रॅम भलत्याच उपकरणाशी बोलू लागेल. परंतु लिनक्स प्रत्येक पोर्टसाठी उपकरणाच्या ओळखीवरून बनवलेले एक लांबलचक स्थिर नावही ठेवते आणि या रिगच्या चिपमध्ये निर्मात्याने मॉडेलचे नाव व अनुक्रमांक लिहिलेला असल्यामुळे त्या नावात आयसी-७३०० ही अक्षरे स्पष्ट वाचता येतात. त्याच अनुक्रमांकावर यूडेव्हचा (उपकरणांना नावे देणाऱ्या लिनक्सच्या सेवेचा) एक ओळीचा नियम लिहून ‘रिग’ एवढेच छोटे टोपणनाव तयार केले. केबल कोणत्याही खाचेत घातली तरी हे नाव त्याच रेडिओकडे जाते. केबल वेगवेगळ्या खाचांत फिरवून आणि यंत्र दोन्ही प्रकारे, म्हणजे रिग आधी चालू आणि संगणक आधी चालू, सुरू करून पाहिले, नाव टिकले.

एक सूचना इथेच ठळक लिहून ठेवतो. लिनक्समध्ये सिरियल पोर्ट उघडला की डीटीआर आणि आरटीएस या दोन्ही नियंत्रण-रेषा क्षणात उंचावतात. रिगच्या मेनूत यूएसबी सेंड हा पर्याय यांपैकी एखाद्या रेषेला बांधलेला असेल तर पोर्ट उघडताक्षणी, कोणीही कळ दाबलेली नसताना, रिग प्रक्षेपणात जाईल. म्हणून तो पर्याय बंद ठेवला आहे आणि प्रक्षेपणाची आज्ञा नेहमी सीआय-व्ही या नियंत्रण-भाषेतूनच द्यायची आहे. हा मेनू कोणीही बदलू नये.

२६ ऑक्टोबर २०२५, रविवार

दुसरा थर, हॅमलिब. शेकडो प्रकारच्या रिगना एकाच पद्धतीने आज्ञा देता याव्यात यासाठी २००० सालापासून स्वयंसेवकांनी वाढवत नेलेली ही लायब्ररी आहे आणि लिनक्सवरचे जवळजवळ सगळे हौशी रेडिओ प्रोग्रॅम तिच्यावरच उभे आहेत. तिच्यातील रिगसीटीएल या लहानशा साधनाला मॉडेल क्रमांक ३०७३, ‘रिग’ हे पोर्टचे नाव आणि रिगच्या मेनूत ठेवलेलाच वेग दिला. वारंवारता विचारल्यावर रिगच्या पडद्यावरचाच आकडा हर्ट्झमध्ये परत आला. मग वारंवारता बदलण्याची आज्ञा दिली, रिगवरचा आकडा बदलला. डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा, ऊर्जा उष्णतेत जिरवणारा रोध) लावून प्रक्षेपण चालू आणि बंद करण्याच्या आज्ञाही तपासल्या.

यानंतर रिगसीटीएलडी ही हॅमलिबची पार्श्वभूमीत चालणारी सेवा सिस्टिमडी या सेवा-व्यवस्थापकाच्या वापरकर्ता-सेवांमध्ये नोंदवली. सिरियल पोर्टवर एका वेळी एकाच प्रोग्रॅमने बोलावे हे योग्य. एफटी-८ चा प्रोग्रॅम आणि नोंदवही या दोघांनाही वारंवारता हवी असते, आणि दोघांनीही थेट पोर्ट उघडला तर उत्तरे एकमेकांत मिसळतात. आता पोर्ट फक्त ही सेवा उघडते आणि बाकीचे सर्व प्रोग्रॅम यंत्राच्या आतल्याच ४५३२ क्रमांकाच्या नेटवर्क-पोर्टवर तिच्याशी बोलतात. सेवा फक्त याच यंत्रापुरती मर्यादित ठेवली आहे, कारण तिला मुळात परवलीचा शब्द लावलेला नसतो आणि जो कोणी तिच्यापर्यंत पोहोचेल तो प्रक्षेपणाची आज्ञा देऊ शकेल. परवाना ज्याच्या नावावर आहे त्याची जबाबदारी लक्षात घेता ही मर्यादा सैल करायची नाही.

१ नोव्हेंबर २०२५, शनिवार

तिसरा थर, ध्वनी. डिजिटल प्रकारांत रिग आणि संगणक यांच्यात जे काही वाहते ते आवाजच असतो, म्हणून या थराला पूर्ण दिवस दिला.

आधी कोणताही रेडिओ प्रोग्रॅम न उघडता अल्सा या लिनक्सच्या ध्वनी-व्यवस्थेच्या साध्या ध्वनिमुद्रण-आज्ञेने रिगच्या कोडेकवरून ४८,००० नमुने प्रतिसेकंद या दराने अर्ध्या मिनिटाचे मुद्रण केले आणि ते स्पीकरवर ऐकले. चौदा मेगाहर्ट्झवरचा एफटी-८ चा ओळखीचा सूर स्वच्छ ऐकू आला, म्हणजे रिग ते संगणक ही वाट खुली आहे. उलट दिशेची वाट डमी लोडवर तपासली.

आता पाइपवायर. दुसरे ध्वनी-उपकरण जोडले गेले की डेस्कटॉप त्यालाच मुख्य स्पीकर मानू शकतो, आणि मग संदेश आल्याची घंटी किंवा चित्रफितीतले गाणे थेट रिगच्या प्रक्षेपण-वाटेवर जाते. हौशी बँडवर संगीत प्रक्षेपित करणे नियमबाह्य आहे, त्यामुळे ही काटेकोरपणे मिटवण्याची गोष्ट आहे. मुख्य ध्वनी-उपकरण म्हणून संगणकाचे अंगभूत कार्डच कायम केले, डेस्कटॉपचे सूचना-आवाज बंद केले आणि रिगचा कोडेक फक्त रेडिओ प्रोग्रॅमच्या आत नावाने निवडला.

पातळ्यांविषयी. ग्रहणाची पातळी डब्ल्यूएसजेटी-एक्सच्या मोजपट्टीवर बँड शांत असताना साधारण ३० डेसिबल असावी, अशी त्या प्रोग्रॅमच्या मार्गदर्शिकेची शिफारस आहे. रिगच्या मेनूतील यूएसबी ध्वनी-पातळी कमी करून ती तिथे आणायची. प्रक्षेपणात रिगचा एएलसी काटा (आत येणारा आवाज जास्त झाल्याचे दाखवणारा) जेमतेम हलेल किंवा हलणारच नाही इतकाच आवाज द्यायचा. काटा वर चढवून शक्ती वाढल्यासारखी दिसते, पण एफटी-८ चा संकेत अरुंद राहण्यातच त्याचे बळ आहे आणि जादा आवाजाने तो पसरून शेजारच्यांचे संपर्क बुडवतो. पातळ्यांचे सर्व आकडे रिगशेजारच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवले आहेत.

८ नोव्हेंबर २०२५, शनिवार

चौथा थर, घड्याळ. एफटी-८ मध्ये वेळ पंधरा सेकंदांच्या खणांत वाटलेली असते. एका खणात एक जण बोलतो, पुढच्यात दुसरा. संदेशाचे ७९ स्वर-तुकडे प्रत्येकी ०.१६ सेकंदाचे, म्हणजे प्रक्षेपण १२.६४ सेकंदांचे असते. उरलेल्या दोन-अडीच सेकंदांत आलेला संदेश उलगडायचा, काय उत्तर द्यायचे ते ठरवायचे आणि पुढचा खण सुरू करायचा. दोन्ही बाजूंची घड्याळे साधारण एका सेकंदाच्या आत जुळलेली नसतील तर बँड संकेतांनी भरलेला असूनही पडदा कोरा राहू शकतो.

या यंत्राच्या मदरबोर्डवरची गोल बॅटरी संपलेली होती, ती बदलली. वेळ जुळवण्यासाठी क्रोनी बसवले आहे. यंत्र सुरू होताना वेळेत मोठा फरक आढळला तर पहिल्या काही तपासण्यांत ते घड्याळ एकदम जागेवर आणते आणि नंतर हळूहळू सरकवत ठेवते. सर्व्हरांच्या यादीत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा वेळ-सर्व्हर घातला, कारण भारतीय प्रमाणवेळ सांभाळण्याचे काम त्याच संस्थेकडे आहे. इंटरनेट नसेल तेव्हासाठी यूएसबीवरचा जीपीएस रिसीव्हर जीपीएसडी या सेवेमार्फत क्रोनीला जोडला. यूएसबीवरून येणारी वेळ काही दशांश सेकंदांनी मागे असते. त्या रिसीव्हरचा सरासरी उशीर इंटरनेटच्या वेळेशी ताडून क्रोनीच्या फाइलमध्ये वजा केला. एफटी-८ साठी एवढी अचूकता भरपूर झाली.

वेळेबाबत एक फसवी शक्यता इथे विस्ताराने लिहितो, कारण आपल्याकडे ती हमखास भेटते. एकाच यंत्रावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ लिहिते आणि लिनक्स तीच जागतिक वेळ समजते. फरक साडेपाच तासांचा पडतो. साडेपाच तासांत पंधरा सेकंदांचे खण पूर्ण संख्येने बसतात, त्यामुळे इंटरनेट नसताना असे यंत्र एफटी-८ बिनचूक उलगडत राहते, संपर्कही होतात, आणि कोणाला कसलीच शंका येत नाही. नोंदवहीतली प्रत्येक वेळ मात्र चुकलेली असते. पुढे त्या नोंदी लॉगबुक ऑफ द वर्ल्ड या संपर्क पक्के करणाऱ्या ऑनलाइन नोंदवहीत गेल्या की दोन्ही बाजूंच्या वेळा तीस मिनिटांच्या आत जुळाव्यात ही तिथली अट मोडते आणि एकही संपर्क पक्का होत नाही. केंद्राच्या यंत्रावर आता एकच कार्यप्रणाली असल्यामुळे हा धोका नाही. सदस्यांनी आपापल्या घरच्या यंत्रांवर डब्ल्यूएसजेटी-एक्समधली तारीख आणि तास दोन्ही डोळ्यांनी तपासून घ्यावेत.

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

चारही थर तपासून झाल्यावर आज डब्ल्यूएसजेटी-एक्स उघडले. रिग म्हणून हॅमलिबची नेटवर्क-सेवा, ध्वनी म्हणून रिगचा कोडेक आणि केंद्राचा ग्रिड (नकाशावरच्या चौकोनाचा संकेत) एमके-६८ एवढेच भरावे लागले. स्प्लिट (प्रक्षेपण व ग्रहण यांची वारंवारता वेगळी ठेवणे) हा पर्याय रिगवर ठेवला, कारण त्यामुळे प्रोग्रॅम प्रक्षेपणाचा स्वर नेहमी १५०० ते २००० हर्ट्झमध्ये ठेवतो आणि त्या स्वराच्या पटीतले अवांछित स्वर रिगच्या फिल्टरबाहेर पडतात.

दुपारी चारच्या सुमारास २१.०७४ मेगाहर्ट्झवर ऐकायला सुरुवात केली. पहिल्याच खणापासून पडदा भरत गेला: इंडोनेशिया, जपान, आणि सूर्य कलू लागला तशी इटली, जर्मनी, युरोपीय रशियाची केंद्रे. वेळेतील फरक दाखवणाऱ्या रकान्यात बहुतेक आकडे शून्याच्या जवळ आहेत, म्हणजे घड्याळ जागेवर आहे. चाळीस मीटर (सात मेगाहर्ट्झ) बँडसाठीचा डायपोल अँटेना आपल्या तिसऱ्या गुणितावर इथेही चालतो, हे केंद्राच्या छोट्या गच्चीच्या दृष्टीने मोठे सोयीचे आहे.

जे दिसले त्याचे मोल कळावे म्हणून थोडे लिहितो. एफटी-८ चा एक संदेश ७७ बिटांचा असतो. त्याला तपासणीचे १४ बिट आणि चुका दुरुस्त करणारे ८३ बिट जोडून १७४ बिट होतात आणि हे सारे जेमतेम ५० हर्ट्झच्या पट्टीत, आठ स्वरांतून पाठवले जाते. अडीच किलोहर्ट्झ पट्टीतल्या गोंगाटाच्या तुलनेत २१ डेसिबलने खाली असलेला, म्हणजे कानाला जाणवणारही नाही असा संकेतही त्यातून उलगडतो. ही पद्धत २०१७ साली जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँकी यांनी मांडली. टेलर यांना रसेल हल्स यांच्यासह १९९३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले ते जोडताऱ्यातल्या पल्सारच्या (स्पंदक ताऱ्याच्या) शोधासाठी, आणि गोंगाटात बुडालेले नियमित स्पंदन ओळखण्याची हीच विद्या आपल्या जुन्नर तालुक्यात, खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस अँटेनांवरही रोज वापरली जाते. त्यांनी आपला प्रोग्रॅम जीपीएल परवान्याखाली खुला ठेवला, म्हणूनच तो डेबियनच्या भांडारात येऊ शकला आणि विंडोज सुटल्यावरही आमच्या केंद्राचे काम थांबले नाही. याबद्दल मनापासून कृतज्ञता वाटते.

या प्रोसेसरवर उलगडणीची ‘खोल’ पातळी लावली की गर्दीच्या बँडवर शेवटचे संदेश पुढचा खण सुरू झाल्यावर उमटतात. ‘मध्यम’ पातळी कायम केली.

१५ नोव्हेंबर २०२५, शनिवार

आज ५० वॉटवर प्रक्षेपण करताच २१ मेगाहर्ट्झवर रिगशी संपर्क तुटला. प्रोग्रॅमने हॅमलिबची त्रुटी दाखवली. कर्नलच्या नोंदींत त्याच सेकंदाला यूएसबी उपकरण सुटल्याची आणि लगेच पुन्हा जोडले गेल्याची ओळ होती. १० वॉटवर असे होत नाही. अँटेनाऐवजी डमी लोड लावून पुन्हा ५० वॉट दिले, तेव्हाही झाले नाही.

या तीन निरीक्षणांवरून प्रोग्रॅम आणि कार्यप्रणाली दोन्ही निर्दोष ठरतात: अँटेनाच्या कोएक्स केबलच्या बाहेरील आवरणावरून रेडिओ-ऊर्जा खोलीत परत येते आणि यूएसबी केबलवर चढते. उपाय ध्वनीत किंवा पोर्टात शोधायचा नाही, तारेतच शोधायचा. अँटेनाच्या जोडणीपाशी एकास-एक करंट बॅलन (आवरणावरून परतणारा प्रवाह रोखणारा भाग) लावला, यूएसबी केबल ३१ क्रमांकाच्या फेराइट कड्यातून अनेक वेढे देऊन नेली आणि लांबलचक केबल बदलून आखूड, चांगल्या आवरणाची घेतली. संध्याकाळपर्यंत पूर्ण ५० वॉटवर चालवले. कर्नलच्या नोंदी कोऱ्या राहिल्या.

२३ नोव्हेंबर २०२५, रविवार

बाहेरगावच्या शिबिरांसाठी क्लबचा एक लॅपटॉप आहे. त्यावर २०२२ सालचे दुसरे लिनक्स वितरण आहे आणि त्याला यासू एफटी-८१७ ही छोटी रिग सीएच-३४० चिपच्या केबलने जोडायची आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीला पुराने वेढले तेव्हापासून, बॅटरीवर चालणारी आणि एका पिशवीत मावणारी मांडणी कायम तयार असावी असे आम्हा सर्वांना वाटत आले आहे. म्हणून इथली मांडणी केंद्राइतकीच भरवशाची हवी.

केबल जोडल्यावर पोर्ट तयार झाल्याची ओळ कर्नलच्या नोंदींत आली आणि पाठोपाठ तो नाहीसा झाल्याचीही. मधली ओळ वाचल्यावर कारण उघड झाले: ब्रेल-पटल चालवणाऱ्या बीआरएलटीटीवाय या सेवेने उपकरण आपल्याकडे घेतले होते. काही ब्रेल-पटलांमध्ये हीच सामान्य चिप, याच ओळख-क्रमांकासह असते, त्यामुळे त्या सेवेच्या दृष्टीने रिगची केबल आणि ब्रेल-पटल यांत फरक नाही.

यावर सर्वत्र सुचवला जाणारा उपाय म्हणजे ती सेवा पूर्ण काढून टाकणे. आमच्याकडे तो लागू करता येत नाही. क्लबमधील ज्येष्ठ सदस्य, ज्यांना आम्ही सारे काका म्हणतो, ते दृष्टिहीन आहेत, मोर्समध्ये आमच्यात सर्वांत निष्णात आहेत, आणि हाच लॅपटॉप ओर्का या पडदा-वाचक प्रोग्रॅमच्या व आपल्या ब्रेल-पटलाच्या साहाय्याने चालवतात. त्यांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, “सेवा काढू नकोस रे. माझं पटल ब्लूटूथवर आहे, त्याला ही चिप लागत नाही. तेवढी एक ओळ गाळता येते का ते बघ.” तसेच केले. सेवेच्या यूडेव्ह नियमांची फाइल त्याच नावाने प्रशासकाच्या फोल्डरात उतरवली, म्हणजे तिला मूळ फाइलवर प्राधान्य मिळते, आणि तिच्यातील या चिपचा ओळख-क्रमांक असलेली एवढी एकच ओळ टिप्पणी करून निष्क्रिय केली. पोर्ट आता टिकतो. काकांनी संध्याकाळी येऊन आपले पटल जोडून पाहिले. ते आधीसारखेच चालते.

या चिपमध्ये अनुक्रमांक नसतो, त्यामुळे केंद्रावरच्यासारखे अनुक्रमांकावरून नाव देता येत नाही. यूडेव्हचा नियम इथे लॅपटॉपच्या खाचेवरून लिहिला आणि त्या खाचेवर पांढऱ्या पट्टीने ‘रिग’ असे चिकटवले. काकांच्या बोटांना कळावे म्हणून पट्टीवर उंचवट्याचा ठिपकाही दिला. हॅमलिबमध्ये या रिगचा मॉडेल क्रमांक १०२०.

३० नोव्हेंबर २०२५, रविवार

एफएलडिजी जुळवले, त्याला फार वेळ लागला नाही, कारण खालचे चारही थर तयार होते. तोही त्याच नेटवर्क-सेवेमार्फत रिगशी बोलतो. १४.०७० मेगाहर्ट्झच्या आसपास पीएसके-३१ वर आता एफटी-८ इतकी वर्दळ नसते, पण इथे माणूस टंकलेखन करून सावकाश गप्पा मारू शकतो, आणि नव्या सदस्यांना संपर्काची भाषा शिकवायला मला तेच अधिक योग्य वाटते. एफटी-८ आणि एफएलडिजी एकाच वेळी उघडे ठेवू नयेत.

७ डिसेंबर २०२५, रविवार

नोंदवही. परवान्याच्या नियमांनुसार प्रत्येक संपर्काची नोंद ठेवावी लागते, त्यामुळे हा भाग रेडिओइतकाच महत्त्वाचा आहे. डब्ल्यूएसजेटी-एक्स प्रत्येक संपर्क स्वतःच्या एडीआयएफ (नोंदवह्यांच्या देवाणघेवाणीचा सामाईक साचा) फाइलमध्ये लिहिते आणि त्याच वेळी यंत्राच्या आतल्या २२३७ क्रमांकाच्या पोर्टवर तो जाहीर करते. सीक्यूआरलॉग तिथे ऐकत असते आणि संपर्क आपल्या डेटाबेसमध्ये घेते. दोन्ही ठिकाणच्या नोंदी ताडून पाहिल्या, जुळतात.

जुन्या विंडोज नोंदवहीतून एडीआयएफमध्ये काढलेल्या सर्व नोंदी आज आत घेतल्या. त्यांतील काही नोंदींत सदस्यांनी मराठीत शेरे लिहिले होते. एडीआयएफच्या नेहमीच्या फाइल-प्रकारात केवळ साधी रोमन अक्षरे धरलेली आहेत, त्यामुळे ते शेरे प्रश्नचिन्हांत बदलून येत होते. मूळ शेरे जुन्या डेटाबेसमधून वेगळ्या मजकूर-फाइलमध्ये, संपर्काच्या तारखेसह उतरवून घेतले आहेत. पहिल्या परदेशी संपर्काचा आनंद कोणी मराठीत लिहून ठेवला असेल तर तो यंत्र बदलल्यामुळे नष्ट होऊ देणे योग्य नाही.

टीक्यूएसएलमध्ये केंद्राचे प्रमाणपत्र आत घेतले आणि आठवड्याभरातल्या नोंदी स्वाक्षरीसह लॉगबुक ऑफ द वर्ल्डकडे पाठवल्या. रात्रीपर्यंत काही संपर्क पक्केही झाले, म्हणजे वेळाही बरोबर आहेत.

१४ डिसेंबर २०२५, रविवार

पुन्हा उभारणीची तयारी. संपूर्ण मांडणी ज्या फाइलींत आहे त्या फारच थोड्या निघाल्या: यूडेव्हचा नियम, रिगसीटीएलडीची सेवा-फाइल, क्रोनीची फाइल, डब्ल्यूएसजेटी-एक्सची एक मांडणी-फाइल, टीक्यूएसएलचे प्रमाणपत्र, नोंदवहीची प्रत आणि पहिल्या दिवशी ठेवलेली प्रोग्रॅमांची यादी. हे सारे एका पेन ड्राइव्हवर घेतले आणि प्रमाणपत्राची प्रत वेगळी, परवानाधारकाच्या घरी ठेवली.

ही प्रत खरोखर पुरते का हे तपासण्यासाठी एका सदस्याच्या पडून असलेल्या लॅपटॉपवर कोरे डेबियन बसवले आणि क्लबमधल्या दोन नव्या सदस्यांना फक्त या नोंदी आणि पेन ड्राइव्ह दिला. मी शेजारी बसलो, हात लावला नाही. पोर्टपाशी ते अडले, कारण डायलआउट गटात घातल्यावर खात्यातून बाहेर पडून परत येण्याची पायरी त्यांनी वगळली होती. २५ ऑक्टोबरची नोंद पुन्हा वाचल्यावर त्यांनीच ती शोधून काढली. दुपारच्या जेवणाआधी त्यांच्या पडद्यावर १४.०७४ मेगाहर्ट्झवरचे संदेश उमटू लागले. त्यांच्या सूचनेवरून ती पायरी यादीत वेगळ्या ओळीवर लिहिली आहे.

बाकी कामे: जीपीएस रिसीव्हरची केबल खिडकीपर्यंत वाढवणे, लॅपटॉपवरच्या वितरणाचा आधार संपण्याआधी तेही डेबियनवर नेणे आणि त्या वेळी ब्रेल-पटलाची चाचणी काकांच्या उपस्थितीत सर्वांत आधी करणे.